लिंबाखालचा नववा डबा

तुमचे मालक रिटायर झाल्यावर काय करतात, असं कुणी विचारलं की सुलाबाई आधी पदरानं तोंड पुसायची आणि मग म्हणायची, "खड्ड्यात गोटी घालतेत. दुसरं काय!"

विचारणारा हसायचा, तीही हसायची. पण तिच्यासमोर दुसऱ्या कुणी सिद्धोधनच्या खेळाला गोट्या म्हटलं, की मात्र बाई उसळायची. "गोट्या कामून म्हणता? गोल्फ हाय ते! मोठमोठाले साहेब लोक खेळतेत." म्हणजे नवऱ्याला नावं ठेवायची मक्तेदारी तिची एकटीची. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला तेवढा हक्क असायलाच पाहिजे, नाही का?

सिद्धोधन हनवते म्हणजे रेल्वेतला रिटायर गँगमन. गाव उमरथडी, पूर्णा जंक्शनच्या अलीकडं, रुळाला चिकटून. आयुष्य रुळावर हातोडा मारण्यात गेलं. पण त्याआधी, लग्न नवंनवं असताना, तो सिकंदराबादला एका रेल्वे साहेबाच्या बंगल्यावर खलाशी, म्हणजे वरकामाचा गडी, होता. साहेब भला माणूस, पण गोल्फचा नादी. रविवारी साहेब पुढं आणि काठ्यांची थैली खांद्यावर घेऊन सिद्धोधन मागं. साहेबाचा चेंडू झुडपात गेला की सिद्धोधननं हुडकायचा. हुडकता हुडकता ह्यालाच नाद लागला. साहेबानं एक दिवस गंमत म्हणून काठी हातात दिली. ह्यानं चेंडू असा लांब धाडला म्हणता, की साहेबाची टोपी मागं सरकली.

मग साहेबच शिकवायला लागला. जुन्या बाजारातून आणलेली, इंग्रजाच्या वेळची, लाकडी दांड्याची एक काठी त्यानं सिद्धोधनला देऊन टाकली. लोखंडी दांड्याच्या काठ्या येण्याआधी जग असल्याच काठ्यांनी खेळायचं, असं साहेब सांगायचा. सुलाबाई तेव्हा बंगल्यामागच्या खोलीत राहायची. नवरा त्या काठीला जेवढं तेल चोळायचा तेवढं त्यानं स्वतःच्या डोक्याला कधी चोळलं नाही, हे तिनं तेव्हाच ताडलं होतं.

थैल्या उचलणाऱ्यांची वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची. तिथं सिद्धोधन शेवटपर्यंत पोचला. शेवटचा खड्डा, समोरचा गडी बरोबरीत. ह्याचा चेंडू वाळल्या पानांत पडला. मारायच्या आधी यानं काठी टेकवली आणि चेंडू बोटभर सरकला. सगळे दुसरीकडं बघत होते, साहेबसुद्धा. कुण्णीच पाहिलं नव्हतं. आणि हा बहाद्दर हात वर करून काय म्हणाला? "चेंडू हालला. एक फटका माझ्यावर धरा."

त्याच एका फटक्यानं हरला. दुसऱ्या नंबराचा स्टीलचा तांब्या घेऊन घरी आला आणि खुशाल हसत सगळं बायकोला सांगितलं. सुलाबाईनं कपाळावर हात मारला. "गप बसला असता तर तुमची जीभ झडली असती का वो?"

"गप बसलो असतो तर पयला नंबर त्या पानायचा झाला असता. माझा कसा झाला असता?"

तिनं तो तांब्या घासून फळीवर ठेवला, आणि आलेल्या पाहुण्याला त्याच तांब्यातून पाणी द्यायचं ठरवून टाकलं. पाहुण्यानं विचारलं नाही तरी सांगायची, "बक्षीस हाय ते."

साहेबानं नंतर सुचवलं होतं, की क्लबात लोकांना शिकवायची नोकरी लावून देतो, बंगल्यावरचं राबणं सुटेल. सिद्धोधन नाही म्हणाला. "ड्यूटी करून खेळतो ते खेळणं, साहेब. खेळायचीच ड्यूटी झाली मंजी मग मी खेळू कवा?" साहेब बराच वेळ हसला, आणि मग हसायचा थांबून ह्याच्याकडं बघत राहिला. पुढं सुलाबाईचे सासरे आजारी पडले, सिद्धोधननं बदली मागितली, आणि पूर्णेच्या गँगमध्ये हातोडा हातात आला. काठी माळ्यावर गेली. मधूनच एखाद्या सुट्टीला काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. असा सगळा जन्म निघून गेला.

रिटायर झाल्यावर खरी पंचाईत झाली. हा माणूस दिवसभर ओट्यावर बसायचा. गाडी गेली की मान वर करायचा, मग परत खाली. बोलणं कमी, जेवणं कमी. एक दिवस छातीत कळ आली, नांदेडला न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाला, चाला, रोज चाला. पण कामाशिवाय चालायचं कसं, हेच त्याला कळेना. जन्मभर रुळाच्या कडेनं चाललेला माणूस, पण कशासाठी तरी चाललेला. दोन पावलं टाकून परत यायचा. सुलाबाईला आतून धास्ती बसली. हा असाच ओट्यावर बसल्या बसल्या जाणार, हे तिला दिसायला लागलं होतं.

मग तिनंच माळ्यावर चढून ती काठी काढली. जळमटं झटकली आणि त्याच्या पुढ्यात टाकली. "हे घ्या तुमची सवत. जा हिला घिऊन. पर ओट्यावर बसू नका माझ्यासमोर."

सिद्धोधननं काठी उचलली. दांड्यावरून हात फिरवला. आणि काय सांगावं, त्या दिवशी तो गायरानावर गेला तो दुपारच्या जेवणालाच परतला, आणि आल्या आल्या म्हणाला, "लय भूक लागली." सुलाबाई चुलीकडं तोंड करून रडली. धुरानं डोळे चुरचुरतात असं तिनं सांगितलं. घरात गॅस होता.

गावाबाहेरचं गायरान म्हणजे ढोरं चरायची मुरमाड, सपाट जागा. तिथं सिद्धोधननं नऊ खड्डे केले. खड्ड्यात डालड्याचे रिकामे डबे पुरले. प्रत्येक डब्यापाशी बांबूची काडी आणि तिच्यावर रेल्वेच्या जुन्या लाल कापडाचा झेंडा. साहेब लोकांच्या मैदानावर डब्याभोवती मऊ हिरवळ असते. आपल्याकडं कुठली हिरवळ! पण त्यालाही तोड आहे. नदीची बारीक वाळू चाळायची, तिच्यात तेल कालवायचं, डब्याभोवती गोल पसरायचं. वाळू बसते, उडत नाही, आणि चेंडू तिच्यावरून सरळ घरंगळत जातो. ह्याला गोल्फमध्ये ब्राऊन म्हणतात. ट्रॅक्टरच्या गॅरेजातून जळकं ऑइल मिळायचं. आता ते कशातून आणावं माणसानं? हा गडी बक्षिसाचा तांब्याच घेऊन गेला! एका ब्राऊनला एक तांब्या, असं त्याचं माप. त्या दिवशी सुलाबाईनं घर डोक्यावर घेतलं. तांब्या राखेनं घासघासून तिचे हात दुखले. पण माप काही तिच्या डोक्यातून गेलं नाही.

खेळायला जोडीदार मिळाला तो दत्तराव. गावातला बागायतदार, सिद्धोधनच्याच वयाचा. पहिल्या दिवशी चेष्टा करायला आला, दुसऱ्या दिवशी सुताराकडून बाभळीची काठी करून आणली. खेळ बरा, पण बूट लय वाईट. चेंडू दगडाआड गेला की दत्तराव आभाळाकडं बघायचा आणि बूट खाली आपलं काम करायचा. चेंडू मोकळ्यावर!

"दत्तराव, चेंडू हालला."

"वारं हाय, सिद्धू."

"वारं बुटातून यायलंय का?"

असं रोज चालायचं, आणि रोज दोघं मिळून चहा प्यायचे.

नववा डबा एका लिंबाखाली होता. लांबून दिसावा म्हणून सिद्धोधननं तिथं एक उभा धोंडा रोवला होता. लिंबाची सावली, उभा धोंडा, तेलानं काळीभोर झालेली जमीन, वर लाल झेंडा. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या बाईमाणसाला ते काय दिसणार?

पार्वतीबाई म्हशीवाली एक दिवस तिकडून चालली होती. घरी तिची म्हैस अडली होती, दोन दिवस झाले तरी विता येईना. बाईचा जीव टांगणीला लागलेला. तिला ते दिसलं. तिनं हात जोडले, डोकं टेकवलं. संध्याकाळी म्हैस सुखरूप व्याली, वर रेडी झाली. झालं! पुढच्या रविवारी पार्वतीबाई वाटीभर गोडं तेल घेऊन हजर. लिंबाखालचा म्हसोबा जागृत आहे, ही बातमी गावभर झाली. बायका यायला लागल्या. तेल, कुंकू, नारळ. पोरीचं लग्न जमू दे, मोटार जळू नये, पोरगं पास होऊ दे. एकदा तर नारळ नेमका डब्यातच बसवलेला. सिद्धोधननं तो दोन्ही हातांनी उचलला आणि अदबीनं बाजूला ठेवला. उचलता येतो तो अडथळा उचलावा, दंड नाही, असा नियमच आहे म्हणाला. दत्तरावानं तो नारळ फोडून खाल्ला.

आता खरी गंमत अशी, की सिद्धोधनच्या घरात देव नव्हता. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला दिले, ते कायमचे. त्याच बापाच्या लेकानं पुरलेला डबा गावाचा देव झाला! सिद्धोधननं पार्वतीबाईला एकदा सांगूनही पाहिलं. "बाई, देव न्हाई वो ह्यो. डालड्याचा डबा हाय."

बाई म्हणाली, "तुमाला डबा दिसतो, आमाला देव दिसतो. ज्याचं त्याचं."

ह्यावर तो गप्प बसला. घरी येऊन सुलाबाईला म्हणाला, कुणाच्या श्रद्धेला कशाला धक्का लावायचा. सुलाबाईनं त्याच्याकडं तिरकं बघितलं. "श्रद्धेचं राहू द्या. त्या डब्याला तेल फुकट मिळायलंय म्हणून गप हात तुमी." सिद्धोधन लाजला. कारण नवव्या डब्याचं ब्राऊन सगळ्यांत गुळगुळीत होतं, हे खरंच होतं.

अशी वर्षं चालली होती मजेत. आणि मग सोलर आलं.

गायरानावर सोलरच्या पाट्या बसवायच्या, त्यातून शेताला दिवसा लाइट मिळेल, असं ठरत होतं. लाइट कुणाला नको? जागा दोन होत्या. एक हे गायरान, आणि दुसरी नाल्यापलीकडची, उंचसखल, बसवायला अवघड. बायका म्हणाल्या, गायरानात म्हसोबा आहे, देव हलवाल तर बघा. गावात दोन तट पडले. सरपंच राजेश्री, तरणी, शिकलेली पोरगी, ती सुलाबाईकडं आली. बक्षिसाच्या तांब्यातलं पाणी पिऊन म्हणाली, "काकू, ग्रामसभा घ्यायले. झेंडा काकांनी लावला ना? मग तो देव हाय का न्हाई, हे काकाच सांगतील. देव हाय म्हणले तर आमी नाल्यापलीकडं करू."

राजेश्री गेली. सुलाबाई तशीच बसून राहिली. तिला एकच दिसत होतं: ओटा. गायरान गेलं की हा माणूस परत ओट्यावर येणार. मान वर, मान खाली.

तिनं त्याला समोर बसवलं. "हे बगा. खोटं बोला म्हणत न्हाई मी. देव हाय म्हणू नका. पर न्हाईबी म्हणू नका. नुसतं गप बसा. बाकी गाव बघून घेतंय."

सिद्धोधन काठीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"माझ्यासाठी तरी," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, आणि त्या हातानंच तिला कळलं की हा माणूस काय करणार आहे.

ग्रामसभा शाळेपुढच्या पटांगणात भरली. बायका एका बाजूला, पार्वतीबाई सगळ्यांत पुढं. दत्तराव सिद्धोधनच्या शेजारी, कानाशी लागून सारखा कुजबुजत होता, "हाय म्हण. नुसती मान हलव. मान हलवायला काय जातंय तुझं?" राजेश्रीनं विचारलं. सगळं पटांगण सिद्धोधनकडं बघायला लागलं. सुलाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. गप बसा, गप बसा, गप बसा.

सिद्धोधन उभा राहिला.

"म्हसोबा न्हाई तो," तो म्हणाला. "डबा हाय. मी माझ्या हातानं पुरलाय, खेळायला. गावाला लाइट यायची तर येऊ द्या. माझ्या खेळासाठी देवाचं नाव नको."

असा कल्ला उठला म्हणता! कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या, दत्तरावानं डोकं धरलं. पार्वतीबाई मात्र उठली, लुगडं झटकलं आणि चालायला लागली. तिच्यामागं बाकीच्या बायका. तिचं ते गप जाणं सुलाबाईला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. ठराव झाला, गायरान सोलरला.

घरी सुलाबाईनं भाकरीचं ताट त्याच्यापुढं आदळलं. बोलायचं तर खूप होतं. मूर्ख माणूस! पानांतला चेंडू हालला तेव्हा मूर्ख, आजही मूर्ख. आणि ह्या मूर्खाचा तिला इतका अभिमान वाटत होता, की त्याच्यामुळंच जास्त राग येत होता. दोन्ही एकदम आले की बाईनं काय करावं? तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, न विचारता.

रविवारी सकाळी तो झेंडे काढून आणायला निघाला. सुलाबाईनं चप्पल घातली.

"तू कुठं?"

"तुमी पडलात बिडलात तर उचलायला."

गंमत बघा, एवढ्या वर्षांत ती त्या मैदानावर कधी गेली नव्हती. पहिला डबा, दुसरा डबा. तो काडी उपटायचा, झेंडा गुंडाळायचा, तिच्या हातात द्यायचा. प्रत्येक डब्याची काहीतरी गोष्ट सांगायचा. इथं दत्तरावाचा चेंडू घोरपडीच्या बिळात गेला. इथं पावसाळ्यात टिटवीनं अंडी घातली म्हणून दोन महिने खेळलो न्हाई. ती ऐकत होती आणि झेंड्यांची चवड हातात वाढत होती. आठ झाले. तिला तो लाल कापडांचा भार उचलवेना.

नवव्या डब्यापाशी, लिंबाखाली, पार्वतीबाई उभी होती. मागं म्हशी. हातात तेलाचा कॅन.

सिद्धोधन थबकला. "बाई," तो म्हणाला, "राग आला असंल तुमाला."

"आला तर!" पार्वतीबाई कडाडली. "इतकी वर्सं मी डब्याला तेल घालायले अन् तुमी बघत बसले? सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं व्हतं, बाई, एकदा."

"एकदा! म्हशीलाबी दहादा हाक मारावी लागती. जोरानं सांगायचं की!"

सिद्धोधननं मान खाली घातली. "खरंय. तेल मिळायलंय म्हणून मी जोरानं सांगितलं न्हाई. चूक माझी. दंड माझ्यावर धरा."

सुलाबाईनं चमकून नवऱ्याकडं पाहिलं. पार्वतीबाईनं तेलाचा कॅन खाली ठेवला. मग तिचा आवाज उतरला. "माझी म्हैस व्याली ती काय खोटी न्हाई. मी हात जोडले तेबी खोटे न्हाईत. पर त्या दिवशी सभेत कुणीबी तुमच्या जागी असता तर मान हलवून मोकळा झाला असता. तुमी न्हाई हलवली." तिनं धोंड्याकडं बघितलं. "देव असता तर हलवता आला नसता. डबाच हाय ना? मग उपटा की! आमचा नदीकडचा माळ हाय. हुलगासुद्धा उगवत न्हाई तिथं. म्हशी आता तिकडंच न्यायच्यात. तुमी आपले डबे तिकडं पुरा."

सिद्धोधननं काडी उपटली. तो खाली बसला आणि हातांनीच वाळू उकरायला लागला. डबा निघाला, गंजलेला, तेलकट, कुंकवाचे डाग पडलेला. तो डबा त्यानं छातीशी धरला. सदऱ्याची वाट लागली, पण सुलाबाई रागावली नाही.

त्याच दिवशी, ऊन चढायच्या आत, पार्वतीबाईच्या माळावर पहिला डबा पुरला गेला. दत्तराव वाळूची गाडी घेऊन आला. कुठल्या बाजूला दगड कमी आहेत, हे त्यानं सगळ्यांत आधी बघून घेतलं. राजेश्रीही येऊन गेली. मागं आणखी दोघीतिघी बायका उभ्या होत्या, हसत, पदर तोंडाला लावून. वाळू पसरून झाली. झेंडा उभा राहिला. पार्वतीबाईनं कॅनचं झाकण उघडलं आणि सिद्धोधनला विचारलं, "देव व्हता तवर वाटीभर पुरायचं. तुमच्या खेळाला किती लागतं, ते सांगा."

सिद्धोधन सांगायला गेला, आणि झेंड्याची काडीच सरळ करायला लागला.

"तांब्याभर," सुलाबाई म्हणाली. "एका डब्याला एक तांब्या लागतो, बाई. थांबा, मी घरून तांब्या आणते."

आणि ती तरातरा घराकडं निघाली.